टोयोटा जीआर८६: १७×९ घ्यावं की १८×९.५? टायर कुठे घासेल याचं गणित हवंय

उताराचा_राजा

नमस्कार मंडळी,

गाडी २०२३ ची जीआर८६ प्रीमियम, मॅन्युअल, मुक्काम न्यू जर्सी. सस्पेन्शन कंपनीचंच आहे, गाडी खाली बसवलेली नाही आणि बसवायचीही नाही. आत्ता १८×७.५ ईटी ४८ (ईटी म्हणजे ऑफसेट: गाडीला टेकणारं तोंड रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे) रिम आणि त्यावर २१५/४० आर१८ टायर. रोजचा वापर, शिवाय उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात कोन मांडून घेतलेली वेळेची शर्यत).

समोर चार पर्याय आहेत, पहिले तीन वापरलेले:

अ) १८×९.५ ईटी ३८, ५×१००, सोबत २५५/३५ आर१८ टायर
ब) १७×९ ईटी ४२, ५×१००, नुसते रिम
क) २०११ च्या सुबारू एसटीआयचे १८×८.५ ईटी ५५, जवळजवळ फुकट
ड) आहेत तेच रिम ठेवून मागेपुढे १५ मिमीचे स्पेसर (हब आणि रिमच्या मधल्या चकत्या)

काहीही न कापता, न ठोकता यांतलं काय बसेल? टायर कुठल्या मापाचे? आणि रिमशिवाय आणखी काय काय घ्यावं लागेल? "माझ्या गाडीला बसलं" अशी उत्तरं बरीच वाचली. त्यांतल्या निम्म्या गाड्या खाली बसवलेल्या निघतात.

---

पाना_नंबर_१७

क आधी निकालात काढू. २००५ पासूनच्या एसटीआयचा पीसीडी (नटांची भोकं किती आणि ती किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर) ५×११४.३ आहे, तुमच्या गाडीचा ५×१००. भोकंच जुळणार नाहीत. अडॅप्टर मिळतात, पण निदान २० मिमी जाडीचे घ्यावे लागतात. ईटी ५५ मधून २० गेले की ईटी ३५ उरतो. म्हणजे कागदावर माप बसतं, आणि तिथेच माणूस फसतो. अडॅप्टर तुमच्या मूळ स्टडपेक्षा (हबमधून निघालेले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट बसतात) पातळ असेल तर स्टडची टोकं बाहेर डोकावतात आणि रिमच्या पाठीला त्यांच्यासाठी खोबणी नसेल तर रिम सपाट टेकतच नाही. शिवाय प्रत्येक चाकावर नटांचे दोन थर, त्यातला आतला थर रिम काढल्याशिवाय तपासता येत नाही. रिम फुकट असले तरी नको.

आता अ आणि ब. ईटी हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. हबला जिथे रिम टेकतो तिथपासून रिमची आतली कड किती आणि बाहेरची कड किती, ही दोन अंतरं काढा. इंचातली रुंदी २५.४ ने गुणा आणि निम्मी करा. त्यात ईटी मिळवला की आतलं अंतर, वजा केला की बाहेरचं.

सध्याचा १८×७.५ ईटी ४८: निम्मी रुंदी ९५.२५. आत १४३.२५, बाहेर ४७.२५.
ब, १७×९ ईटी ४२: निम्मी ११४.३. आत १५६.३, बाहेर ७२.३. म्हणजे आत १३ मिमी आणि बाहेर २५ मिमी जास्त.
अ, १८×९.५ ईटी ३८: निम्मी १२०.६५. आत १५८.६५, बाहेर ८२.६५. आत १५.४ आणि बाहेर ३५.४ जास्त.
ड, स्पेसर: बाहेर १५, आत उलट १५ ची मोकळीक.

(१७×९ मधली ९ इंच रुंदी ही टायर जिथे बसतो त्या दोन खाचांमधली असते. रिमचे ओठ धरून खरी रुंदी इंचभर जास्त भरते. तुलना करताना दोन्हीकडे तेवढीच वाढ असल्यामुळे ती सोडून दिली आहे.)

आतली बाजू दोन्हींत जवळजवळ सारखीच आहे. फरक बाहेर पडतो. अ मधले रिम तुमच्या आत्ताच्या कॅम्बरवर (चाकाचा उभा कल; निगेटिव्ह म्हणजे वरचं टोक आत) फेंडरच्या (मडगार्डच्या) कडेबाहेर येतील. हे माप खाली बसवलेल्या, पुढे दोन अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर दिलेल्या गाड्यांसाठी लोकप्रिय आहे. त्यातही पुढचा बंपर आणि फेंडर जुळतात तिथलं प्लास्टिकचं कान बहुतेकांना छाटावं लागतं. तुमची अट "न कापता" असेल तर अ बाद.

राहिला ब. टायर २४५/४० आर१७ घ्या.

---

फुगवटा

पानासाहेबांचं गणित रिमचं आहे. घासतो तो टायर. रिमच्या कडेपेक्षा टायरचा पोट जास्त बाहेर येतो, म्हणून शेवटचा हिशेब टायरच्या खऱ्या रुंदीवर करावा.

टायरवर २४५ लिहिलं म्हणजे २४५ भरतोच असं नाही. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक टायरची मोजलेली रुंदी आणि ती किती इंची रिमवर मोजली हे दिलेलं असतं. २४५/४० आर१७ साधारणपणे ८.५ इंची रिमवर मोजतात आणि तो २४८ च्या आसपास भरतो. रिम अर्धा इंच रुंद झाला की टायर सुमारे ५ मिमी पसरतो. म्हणजे ९ इंची रिमवर तो २५३ धरा. तुमचा २१५ हा ७.५ वर साधारण २१८ भरतो. फरक ३५, निम्मा १७.५.

ईटी ४८ वरून ४२, म्हणजे चाकाची मधली रेषा ६ मिमी बाहेर सरकली. आत १७.५ वजा ६ = ११.५ मिमी वाढ, बाहेर १७.५ अधिक ६ = २३.५ मिमी. अ साठी हाच हिशेब २५५/३५ आर१८ धरून केला तर आत १३.५, बाहेर ३३.५.

दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्ये ५ ते १० मिमीचा फरक सहज असतो, आणि ट्रॅकसाठीच्या चिकट टायरचे खांदे चौकोनी असतात. पोटाची रुंदी तीच असूनही वर फेंडरला आधी लागतो तो खांदा. तेव्हा "माझ्याकडे २४५ बसतो" म्हणणाऱ्याला टायरचं नाव विचारायचंच.

व्यास पण पाहून घ्या. रुंदी गुणिले प्रोफाइल (२१५/४० मधले ४० टक्के), दुप्पट, अधिक रिमचा व्यास:

तुमचा २१५/४० आर१८: ६२९.२ मिमी
२४५/४० आर१७: ६२७.८, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी फरक
२५५/४० आर१७: ६३५.८, एक टक्का मोठा
२५५/३५ आर१८: ६३५.७
२३५/४० आर१८: ६४५.२, अडीच टक्के मोठा
२४५/४० आर१८: ६५३.२, हे नकोच

व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, गिअरिंग लांब होतं, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर लाइनरला (चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिकचं अस्तर) मागच्या बाजूने लागतो. २४५/४० आर१७ मध्ये यातलं काहीच होत नाही, म्हणून ९ इंची रिमसाठी माझंही मत तेच. २५५/४० आर१७ देखील ९ वर बसतो, पण कॅम्बर न देता नको.

टायरच्या मान्य रिमरुंदीचंही लक्षात असू द्या. २४५/४० आर१७ ला ८ ते ९.५ इंच चालतो. हातातला २१५ पैसे वाचवायला ९ वर ताणून बसवू नका. त्याची हद्द ८.५ ला संपते.

---

उताराचा_राजा

दोघांचेही आभार. फेंडरच्या कडेला चिकटपट्टीने दोरा लावून खाली नट बांधून ओळंबा केला आणि मोजलं. मागे भरपूर जागा दिसते, पुढे त्यापेक्षा कमी. २३.५ मिमी पुढे काठावरच येतील असं वाटतंय. आतल्या बाजूचं कसं मोजायचं? स्ट्रट (चाकाच्या आतल्या बाजूचा शॉकॲब्सॉर्बर-स्प्रिंगचा खांब) आणि टायरच्या मध्ये मोजपट्टी जात नाही.

---

पाना_नंबर_१७

मोजपट्टीचा नाद सोडा. चाक जागेवर असताना स्ट्रट आणि टायरच्या मध्ये ॲलन की किंवा ड्रिल बिटचे मागचे गुळगुळीत दांडे एकेक करून सरकवा. जो घट्ट बसेल तो तुमचा गॅप. एकाने होत नसेल तर दोन जोडून. त्यातून ११.५ वजा करा. उरलेला आकडा निदान ४-५ मिमी हवा. रबर वळणात दबतं, रिमही किंचित वाकतो, म्हणून "दोन मिमी आहे, लागत नाही" यावर विसंबू नका.

एक तपासणी चाक काढूनही करा. आतली अडचण नेहमी स्ट्रटचीच असेल असं नाही. पूर्ण वळणावर पुढच्या चाकाचा मागचा आतला कोपरा लाइनरकडे जातो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दोन्हीकडे पाहा.

काठावरचं उत्तर कॅम्बर. टायरची त्रिज्या ३१४ मिमी आहे. एक अंश निगेटिव्ह कॅम्बर दिला की टायरचं वरचं टोक साधारण साडेपाच मिमी आत जातं. दीड अंश म्हणजे आठ मिमी. कंपनीकडून या गाडीचा पुढचा कॅम्बर जवळजवळ शून्य येतो, मागचा मुळातच निगेटिव्ह असतो. मागे जागा जास्त दिसण्याचं एक कारण हेच.

कॅम्बर कशाने देता यावर आतली जागा ठरते. नकल (हब धरणारा भाग) आणि स्ट्रट जोडणाऱ्या वरच्या भोकात कॅम्बर बोल्ट घातला तर स्ट्रट जागच्या जागी राहतो आणि फक्त चाक त्याच्याकडे झुकतं, म्हणजे आतला गॅप कमी होतो. वर कॅम्बर प्लेट लावली तर स्ट्रट आणि चाक एकत्र झुकतात, गॅप तसाच राहतो. बोल्ट स्वस्त, प्लेट महाग आणि रस्त्याचा खडखडाट जास्त ऐकवणारी. रोजच्या गाडीला मी बोल्टच सुचवेन, पण ॲलन कीने मोजलेला गॅप भरपूर असेल तरच. काहीही केलं तरी नंतर टो (वरून पाहिलं तर चाकं किती आत-बाहेर वळली आहेत तो कोन) सेट करून घ्यायचाच. कॅम्बर बदलला की टो हलतो आणि टायरची आतली कड खातो.

आणि हो, पुढचा मॅकफर्सन स्ट्रट दबताना कॅम्बर फारसा वाढत नाही. मागच्या डबल विशबोनला तो वाढतो, म्हणून खड्ड्यात मागचं चाक स्वतःच आत झुकतं. पुढे ती मदत मिळत नाही. चाचणी घ्यायची तर उभ्या गाडीवर नको, दबलेल्या सस्पेन्शनवर घ्या. फेंडरच्या आतल्या कडेला मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या लावा, मागे दोन माणसं बसवा, पूर्ण वळण घेऊन स्पीडब्रेकरवरून सावकाश जा. गोळी चपटी झाली की किती मिमी उरले ते तिथेच कळतं.

---

गुंडाळलेला_नट

रिमशिवाय काय घ्यावं लागेल, हा प्रश्न तसाच राहिला.

पहिली गोष्ट नट. ही टोयोटा सुबारूच्या कारखान्यात बनते आणि स्टड सुबारूचे आहेत, एम१२×१.२५. बाकीच्या बहुतेक टोयोटांना एम१२×१.५ लागतात. दुकानात "टोयोटाचे नट द्या" म्हटलंत की १.५ हातात पडणार. ते पहिला दीड-दोन आटे बरे जातात आणि मग अडतात. त्या क्षणी इम्पॅक्ट गन लावली की स्टड गेला. पहिले पाच-सहा आटे हाताने फिरलेच पाहिजेत. बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांचा शंकूसारखा नट लागतो, पण घ्यायच्या आधी भोकाची बैठक डोळ्यांनी बघा, गोलाकार बैठकीवर शंकू नट टेकत नाही.

दुसरी गोष्ट हब रिंग. तुमच्या हबचा व्यास ५६.१ मिमी. बाजारातल्या रिमचं मधलं भोक बरेचदा ७३.१ असतं. ७३.१ ते ५६.१ च्या चार रिंगा लागतील. रिमचं भोक कॅलिपरने मोजून मगच मागवा, ७२.६ पण येतात. रिंग वजन पेलत नाही. वजन पेलतं ते नटांच्या दाबाखाली रिम आणि हब यांच्यातलं घर्षण. रिंगचं काम नट आवळेपर्यंत रिम मध्यावर धरणं एवढंच. ती नसली तर चाक पडत नाही, पण हायवेच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. रस्त्यासाठी प्लास्टिक चालते. ट्रॅकवर ब्रेक तापले की ती मऊ पडते. अ‍ॅल्युमिनियमची टिकते, पण न्यू जर्सीच्या मिठाने हबवर चिकटून बसते, म्हणून हबच्या कडेला अँटिसीझचा (चिकटू न देणारी पेस्ट) अगदी पातळ हात द्या. स्टडला नको. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

टॉर्क १२० न्यूटन मीटर, म्हणजे ८९ फूट-पाउंड. ताऱ्याच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, आणि ८०-१०० किमी चालवून पुन्हा एकदा. हबच्या तोंडावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा पापुद्रा दबला की नट सैल.

वापरलेले रिम घेताय म्हणून आणखी दोन शब्द. पावडर कोटिंग केलेले असतील तर नटाच्या बैठकीवर आणि पाठीमागच्या सपाट तोंडावर रंग चढलाय का पाहा. तिथला जाड रंग उष्णतेने दबतो आणि टॉर्क उतरतो. मागच्या बाजूने बॅरलच्या आतल्या कडेला बोट फिरवा, वाकलेला रिम तिथे कळतो. बॅलन्सिंग मशीनवर टायर न घालता फिरवून पाहिलेलं उत्तम. जेडब्ल्यूएल (रिमच्या मजबुतीचा जपानी शिक्का) हे ठशात ओतलेलं असावं. स्टिकरला अर्थ नाही.

ड बद्दल: १५ मिमी स्पेसर मूळ स्टडवर सरकवायचा नाही, विषय संपला. नटाचे आटे निदान स्टडच्या व्यासाइतके, म्हणजे १२ मिमी, धरले गेले पाहिजेत. १.२५ पिचला ते जवळपास दहा फेरे होतात. साधा ५ मिमीचा स्पेसरसुद्धा चार फेरे खातो. १५ साठी एकतर लांब स्टड ठोकून घ्या किंवा स्वतःचे स्टड असलेला बोल्ट-ऑन प्रकार पाहा, आणि त्यात पुन्हा मूळ स्टड डोकावण्याचा तोच प्रश्न. एवढं करून टायर २१५ च राहतो. दिसायला भरदार, पकड तेवढीच.

---

म्युनिककर

अवांतर, पण युरोपातून वाचणाऱ्यांसाठी. वरचं सगळं भूमितीचं झालं, इकडे त्यावर कागद लागतो. जर्मनीत रिमसोबत एबीई (सर्वसाधारण मंजुरी) किंवा टाइलेगुटाख्टेन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) असावं आणि त्यात तुमची गाडी, टायरचं माप आणि अटी लिहिलेल्या असाव्यात. नसेल तर तिथल्या वाहन नियमावलीच्या कलम २१ खाली एकट्या गाडीची तपासणी, जी महाग पडते आणि नापासही होऊ शकते. नोंद न करता चालवलं तर गाडीचा परवानाच रद्द समजला जाऊ शकतो.

फेंडरचा नियम नेमका आहे: चाकाच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेषेच्या ३० अंश पुढे आणि ५० अंश मागे एवढ्या भागात चाक झाकलेलं हवं. लोक फक्त वरचं टोक बघतात आणि मागच्या ५० अंशांत अडकतात. कॅम्बरने वरचं टोक आत जातं, पण ५० अंशांवर त्याचा परिणाम कमी होतो. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला परवानगी नाही, त्यामुळे व्यास वाढवताना इथे जास्त जपावं लागतं.

---

फुगवटा

ब्रेकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. साधे ब्रेक असतील तर १७ इंची रिम आत बसतो, कारण बेस मॉडेलला कंपनीच १७ देते. पण २०२४ पासून काही जीआर८६ ना पर्याय म्हणून मोठे ब्रेम्बो आले. २०२३ ला तो प्रश्न नाही, मात्र पुढेमागे ब्रेम्बो चढवायचा विचार असेल तर आत्ताच बघा. व्यासापेक्षा तिथे स्पोकची वळण महत्त्वाची असते. दोन १७×९ ईटी ४२ रिम, एकाचे स्पोक बाहेर फुगलेले, दुसऱ्याचे सपाट. पहिला चार पिस्टनच्या ब्रेक कॅलिपरवरून जातो, दुसरा खरवडतो. ब्रेक बनवणारे कॅलिपरचा कागदी साचा देतात, तो पुठ्ठ्यावर कापून रिमच्या पाठीत धरायचा. स्पोकपासून ३ मिमी तरी मोकळे हवेत, आणि वजनाचे चिकट तुकडे आतून त्याच पट्ट्यात लावतात हे टायरवाल्याला आधीच सांगा.

रुंद टायरचा एक दोषही सांगून ठेवतो. मधली रेषा बाहेर गेली की स्क्रब रेडिअस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचं टायरच्या मध्यापासून जमिनीवरचं अंतर) बदलतो. ईटी ४२ ला ते ६ मिमी, सहन होण्यासारखं. स्टिअरिंग थोडं जड, आणि ट्रकनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी किंचित ओढते. ईटी ३८ ला हे जास्त जाणवतं. ईटी ४५ चे १७×९ कुठे मिळाले तर बाहेरचे ३ मिमी आत येतात आणि पुढचा काठावरचा प्रश्न बराचसा सुटतो, फक्त आतून ३ मिमी जातात. तुमचा ॲलन कीचा आकडा काय निघतो त्यावर ४२ की ४५ ते ठरवा.

चारही चाकं एकाच मापाची ठेवा. मागे रुंद, पुढे अरुंद केलं तर गाडी आधीच पुढून सरकते, ती आणखी सरकेल, आणि चाकांची अदलाबदलही जाईल.

---

उताराचा_राजा

आतला आकडा काढला, ११.५ वजा करूनही बोटभर राहतं. म्हणजे ब, कॅम्बर बोल्ट, २४५/४० आर१७. हवेच्या सेन्सरचं काय करतात? आणि ऑटोक्रॉसच्या नियमांत काही आडवं येतं का?

---

गुंडाळलेला_नट

सेन्सर: नवे चार घ्या आणि टायरवाल्याकडून जुन्यांचे आयडी त्यांत उतरवून घ्या. तसं केलं की गाडीला फरक कळत नाही. पण मग दोन्ही सेट एकाच वेळी गाडीजवळ ठेवू नका, गॅरेजमधल्या सेटचा दाब वाचला जाऊ शकतो. जुने सेन्सर काढून नव्या रिममध्ये घालणार असाल तर रबरी सील बदला.

हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे सुरू करा. २४५ ला हवा जास्त, वजन तेच, त्यामुळे मधली पट्टी आधी झिजताना दिसली तर दोन पीएसआय उतरवा.

जुने १८ विकायची घाई नको. ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, तुमच्याकडे चार महिने तसेच जातात. मात्र २१५/४० आर१८ मध्ये हिवाळी टायरची निवड तोकडी आहे. बेस मॉडेलचे १७×७.५ आणि त्यावर २१५/४५ आर१७ हे हिवाळ्यासाठी सोपं पडतं.

---

पाना_नंबर_१७

ऑटोक्रॉसचं मात्र पैसे देण्याआधी बघा. एससीसीएच्या (ऑटोक्रॉस भरवणारी अमेरिकेतली संघटना) स्ट्रीट गटात रिमची रुंदी मूळ गाडीइतकीच लागते. व्यास एक इंच कमीजास्त चालतो, ऑफसेट ७ मिमीच्या आतबाहेर. म्हणजे ९ इंची रिम लावला की स्ट्रीट गट सुटला, आणि पुढच्या गटात जास्त बदल केलेल्या गाड्यांशी गाठ. स्ट्रीटमध्येच राहायचं असेल तर १७×७.५, ईटी ४१ ते ५५ च्या मधला, आणि त्यावर २२५/४५ आर१७. त्याचा व्यास ६३४.३, एक टक्क्याहून कमी वाढ. कॅम्बर बोल्टचीही त्या गटात स्वतंत्र अट आहे, त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडून वाचा. स्थानिक क्लबचे नियम वेगळे असतील तर आयोजकांना विचारा.

नुसती मजा म्हणून जाणार असाल तर ब घ्या.